फळीला अधिक दोन कशाचे? – एका खेळवहीची तपासणी

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दोनशे पानी वही आमच्याकडे तपासायला आली. वहीवर विषयाचे नाव नव्हते. आत पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले होते : 'व्यूहाचे नियम. भांडण झाल्यास ही वही अंतिम.' वहीचे कर्ते लातूर आणि नांदेड येथे अकरावी-बारावी करणारे सहा विद्यार्थी. त्यांतले दोघे उदगीरचे, एक कंधारचा. दिवसभर शिकवणी आणि सराव परीक्षा, रात्री जेवणानंतर तासभर खेळ, असा त्यांचा क्रम. 'सर, आमच्या नियमांत काही चुकतंय. उदगीरची लढाई जमते, पानिपत जमत नाही,' अशी त्यांची तक्रार होती.

प्रतिमाने तयार करणे आणि ती कोठे मोडतात ते पाहणे, हे आमचे रोजचे काम. त्यामुळे वही आम्ही गांभीर्याने वाचली. वाचल्यावर असे वाटले, की मुलांनी नकळत विज्ञानाच्या पद्धतीतील एका मोठ्या प्रश्नाला हात घातला आहे आणि तो प्रश्न शिक्षकांपुढे मांडण्याजोगा आहे. म्हणून हे परीक्षण.

खेळ कोणता?

मुले खेळतात तो खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होतो व कथा सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात : कोणी तलवारबाज, कोणी मांत्रिक. लढाई आली की चौकटींचा पट मांडतात. एक चौकट म्हणजे पाच फूट, एक फेरी म्हणजे सहा सेकंद. वार लागला की नाही हे वीस पृष्ठांच्या फाशाने ठरते. फाशावरचा आकडा अधिक वार करणाऱ्याचे कौशल्य, ही बेरीज समोरच्याच्या 'बचावांका'इतकी किंवा जास्त झाली, तर वार लागला. वीस पडल्यास वार नेहमीच लागतो.

या खेळाचे पूर्वज मात्र सैन्याचे खेळ होते. प्रशियातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली लष्करी शिक्षणासाठी युद्धखेळ तयार केला. त्यात १:८००० प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची एक खेळी, फासे आणि निर्णय देणारा पंच होता. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. १९७१ च्या 'चेनमेल' या खेळात एक बाहुली म्हणजे वीस सैनिक असे प्रमाण होते. १९७४ मध्ये बाहुली आणि माणूस यांचे प्रमाण एकास एक झाले, आणि तेथे खेळातून रांग, फळी, गोल हे सगळे मागे पडले. उरला तो एकेकटा वीर. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र उदगीर आणि पानिपत खेळायचे होते. म्हणून त्यांनी व्यूहाचे नियम स्वतःच केले.

असे घरचे नियम करण्यात वावगे काही नाही. कॅरममध्ये राणीमागून सोंगटी कधी घ्यायची यावरून गल्लीगल्लीत वाद असतात. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात राजाला एकदा घोड्याची चाल मिळे, आणि प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते घर ज्या मोहऱ्याचे असेल ते मोहरे होई. नियम बदलता येतात, हे मुलाला पहिल्यांदा खेळातच कळते. प्रश्न एवढाच, की बदललेला नियम चांगला की वाईट हे ठरवायचे कशावरून?

वहीतले पाच नियम

वहीत एकूण चाळीसेक नियम आहेत. त्यांतले मुख्य पाच आम्ही तपासायला घेतले.

१. फळी : तीन किंवा अधिक ढालवाले लगतच्या चौकटींत उभे राहिले, तर प्रत्येकाच्या बचावांकात अधिक दोन.

२. एक चाल : फळीतले सर्व जण एकाच वेळी हलतील. वेग त्यांतल्या सर्वांत हळू माणसाचा.

३. कोंडी : एका माणसाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना दोन शत्रू असतील, तर त्या दोघांनी दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यावा. (हा नियम मुलांनी मूळ खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीतून घेतला आहे. तेथे तो ऐच्छिक आहे.)

४. चक्रव्यूह : आत शिरायला अडथळा नाही. बाहेर पडायला फाशावर वीसच पडले पाहिजेत.

५. पानिपत : दुपारनंतर दर फेरीला फासा टाकावा. एक ते पाच पडल्यास विंचुरकरांचे पथक गोल सोडून जाते.

पाचही नियम वाचायला सुटसुटीत आहेत. पण त्यांत दोन वेगळ्या जाती आहेत. दुसरा आणि तिसरा नियम काय *घडते* ते सांगतो. पहिला, चौथा आणि पाचवा नियम काय *निष्पन्न व्हावे* ते सांगतो. आमचे सगळे परीक्षण या एका फरकावर उभे आहे.

अधिक दोनचा हिशेब

'फळीत माणूस सुरक्षित असतो' हे खरे. मग त्याला अधिक दोन देण्यात चूक काय? हिशेब करून पाहू.

समजा, शत्रूला वार लागण्यासाठी फाशावर ११ किंवा जास्त पडायला हवे. संभाव्यता ५० टक्के. अधिक दोन मिळाल्यावर १३ पडायला हवे, संभाव्यता ४० टक्के. पहिला वार लागेपर्यंत सरासरी २ प्रयत्न लागत होते, आता अडीच लागतील. म्हणजे फळीने आयुष्य २५ टक्क्यांनी वाढले.

आता अंगात साधा सदरा असलेला शेतकरी घ्या. त्याला ३ पडले तरी वार लागतो : ९० टक्के. फळीत उभा राहिला की ८० टक्के. त्याचे आयुष्य साडेबारा टक्क्यांनीच वाढले. उलट चिलखती सरदार घ्या. त्याला १७ पडल्याशिवाय वार लागत नाही : २० टक्के. फळीत १० टक्के. त्याचे आयुष्य दुप्पट झाले!

म्हणजे या नियमानुसार फळीचा फायदा ज्याला आधीच चिलखत आहे त्याला सर्वाधिक, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला सर्वांत कमी. प्रत्यक्षात सामान्य शिपायाने फळी धरावी ती एकट्याने टिकाव लागत नाही म्हणूनच. नियम करणाऱ्यांच्या मनात हे नव्हते, पण बेरीज आणि संभाव्यता यांच्या नात्यातून ते आपोआप आले. वर्गात संभाव्यता शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. 'दोन मिळवले' म्हणजे सर्वांना सारखेच मिळाले असे नाही, हे मुलांना एका तासात पटते.

फायदा पटावरच होता

दुसरी त्रुटी याहून महत्त्वाची आहे. पटावर एकटा माणूस ठेवा. बुद्धिबळातल्या राजाप्रमाणे त्याच्याभोवती आठ चौकटी आहेत, म्हणजे आठ शत्रू उभे राहू शकतात. आठही जणांच्या समोरच्या बाजूला त्यांचा जोडीदार आहे, म्हणून सर्वांना कोंडीचा लाभ. दोन फाशांपैकी मोठा घेतला की ५० टक्क्यांचे ७५ टक्के होतात (दोन्ही वेळा चुकण्याची संभाव्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे २५ टक्के). आठ गुणिले पाऊण म्हणजे दर फेरीला सरासरी सहा वार.

आता दहा माणसे दोन भिंतींच्या मधल्या वाटेत खांद्याला खांदा लावून उभी करा. समोर दहाच चौकटी, म्हणून दहाच शत्रू. कोंडी शक्य नाही. दहा गुणिले अर्धा म्हणजे पाच वार, तेही दहा जणांत वाटले गेले. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा.

सहा वार आणि अर्धा वार! फळीने धोका बारा पटींनी कमी केला, आणि त्यासाठी कोणताही खास नियम लागला नाही. एका चौकटीत एकच माणूस मावतो, एवढ्या साध्या गोष्टीतून तो फायदा निघाला. वहीतल्या अधिक दोनने त्यानंतर काय केले? अर्ध्याचे ०.४ केले. म्हणजे मुख्य काम पटाच्या भूमितीने आधीच केले होते, आणि मुलांनी श्रेय मात्र अधिक दोनला दिले.

बुद्धिबळ खेळणाऱ्या वाचकांना हे नवीन वाटू नये. एकमेकांना तिरक्या बाजूने आधार देणाऱ्या प्याद्यांची साखळी बळकट असते, हे प्रत्येक खेळाडू जाणतो. 'साखळीतल्या प्याद्याला जास्त बळ' असा नियम मात्र बुद्धिबळात कोठेही नाही. प्यादे तिरके मारते, एवढाच नियम आहे. साखळीचे बळ त्यातून उगवते. ती कोठे तुटेल हेही त्यातूनच कळते : पायथ्याचे प्यादे गेले की वरची निराधार. चांगल्या नियमाची ही खूण आहे. तो फायदा देतो आणि त्या फायद्याची मर्यादाही सोबत देतो.

आम्ही हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने ठाम हरकत घेतली. 'सर, पण ढाल शेजाऱ्यालाही झाकते. ते पटावर कुठं दिसतंय?' हरकत रास्त आहे, आणि आम्ही ती मान्य केली. मूळ खेळात अर्ध्या आडोशासाठी अधिक दोन आहेतच. तेव्हा अधिक दोन ठेवावे, पण कारण धरून ठेवावे : शेजारी ढालवाला असेल तर, आणि वार समोरून येत असेल तर. पाठीमागून आलेल्या वाराला शेजाऱ्याची ढाल उपयोगाची नाही. तोफगोळ्याला तर मुळीच नाही.

उदगीर : दाटीची किंमत

तोफगोळ्याचा उल्लेख सहज आलेला नाही. वहीतली पहिली लढाई उदगीरची आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, ती ही मोहीम. उदगीर आज लातूर जिल्ह्यात आहे आणि धारूर शेजारच्या बीड जिल्ह्यात. धारूरच्या दिशेने सरकू पाहणाऱ्या निजामी फौजेला मराठा घोडदळाने घेरले. मराठ्यांकडे इब्राहिमखान गारदी याचे कवायती पायदळ आणि तोफखाना होता. इब्राहिमखान पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता, आणि फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेला होता.

मुलांच्या पटावर ही लढाई 'जमते', म्हणजे मराठे नेहमी जिंकतात. का जिंकतात ते आम्ही शोधले. वहीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक नियम होता : 'उदगीरला मराठ्यांच्या सर्व फाशांत अधिक तीन.' उदगीरच्या दोघांनी तो घातला होता! त्यांच्या गावाचा अभिमान आम्हांला समजतो. पण ज्या पटावर हार शक्यच नाही, त्या पटावरचा विजय काही शिकवत नाही. जो प्रयोग अपयशी होऊच शकत नाही, तो प्रयोग नव्हे.

हा नियम काढून टाकला, तर उदगीरचे काय होते? घेरलेल्या फौजेने दाट गोळा करून फळी धरली, तर घोडेस्वारांना ती फोडणे अवघड जाते. कडेच्या चौकटी मोजक्याच असतात. पण दूरवरून मारा करणाऱ्या शस्त्राला दाटी हेच निशाण असते. मूळ खेळात मांत्रिकाचा अग्निगोल वीस फूट त्रिज्येचा असतो, म्हणजे चार चौकटी. क्षेत्रफळ ३.१४ गुणिले १६, सुमारे पन्नास चौकटी. विखुरलेल्या सैन्यात एवढ्या जागेत चार-पाच माणसे सापडतील. दाट फळीत पन्नास. अग्निगोलाच्या जागी तोफ ठेवली, की घोडदळ आणि तोफा यांची जोडी का भारी पडते ते दिसू लागते. घोडदळाच्या भीतीने फौज गोळा होते आणि गोळा झालेल्या फौजेवर तोफ चालते. विखुरले तर घोडा, एकवटले तर तोफ. आमच्या सांगण्यावरून मुलांनी अधिक तीन काढून आणि तोफेला हा क्षेत्रफळाचा नियम लावून डाव पुन्हा मांडला. पाच डावांपैकी चार मराठ्यांनी जिंकले, एक हरले. उदगीरचे दोघे त्या एका डावावर रात्री उशिरापर्यंत चर्चा करीत बसले. आधीच्या कोणत्याही विजयावर त्यांनी अशी चर्चा केली नव्हती.

दोन नियमांची प्रशंसा, एक दुरुस्ती

दुसऱ्या नियमाचे, 'एक चाल'चे, आम्ही मनापासून कौतुक करतो. मूळ खेळात प्रत्येक जण आपल्या पाळीला हलतो. त्यामुळे फळी पुढे सरकताना वाटेतच मोडते, आणि शत्रू मधल्या फटीतून घुसतो. मुलांनी सर्वांना एकत्र हलवले आणि त्याची किंमतही लावली : वेग सर्वांत हळू माणसाचा. सहा सेकंदांत तीस फूट म्हणजे ताशी साधारण साडेपाच किलोमीटर, झपाझप चालणे. फळीत एक तोफेचा बैल आला, की सारी फळी बैलाच्या गतीने चालणार. पानिपतला बाजारबुणगे, बायकामुले आणि तोफा सोबत घेऊन सरकायचे होते. त्या अडचणीचे मूळ या एका ओळीत आले आहे.

एक गोष्ट मात्र राहिली. वहीत फळीला वळायला वेळ लागत नाही. शाळेच्या मैदानावर संचलन बसवणाऱ्या शिक्षकांना ठाऊक आहे, की दहा जणांची रांग काटकोनात वळताना आतला जागीच पाय आपटतो आणि बाहेरच्याला लांब टांगा टाकाव्या लागतात. बाहेरचा नऊ चौकटींच्या, म्हणजे ४५ फुटांच्या त्रिज्येवर आहे. पाव वर्तुळ म्हणजे सुमारे ७१ फूट. दर फेरीला तीस फूट धरले तर तीन फेऱ्या, अठरा सेकंद. तोवर बाजूने आलेला घोडेस्वार फळीच्या कडेवर पोचलेला असेल. फळी समोरून बळकट आणि कडेला दुबळी का, हे या हिशेबाने आपोआप येते.

तिसरा नियम, कोंडीचा, जसा आहे तसा ठेवावा. त्यात कारण स्पष्ट आहे : माणसाला दोन दिशांना एकदम बघता येत नाही.

चक्रव्यूहातून बाहेर पडणे

चौथा नियम ऐकायला आकर्षक आहे. अभिमन्यूला शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे ठाऊक नव्हते. म्हणून शिरणे मोफत, बाहेर पडायला वीस. पण या नियमात चक्रव्यूह कोठे आहे? एखाद्या विहिरीलाही हाच नियम लावता येईल. गोष्टीचा शेवट घेऊन त्यालाच नियम म्हटले आहे.

चित्रांत चक्रव्यूह भुलभुलैयासारखा काढलेला असतो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. भुलभुलैयाच्या भिंती हलत नाहीत, माणसांच्या भिंती हलतात. महाभारतातली कथा नीट आठवली, तर कारण तिथेच सापडते. अभिमन्यूने फळी फोडली तेव्हा त्याच्यामागून पांडव शिरणार होते. जयद्रथाने ती फट बुजवली आणि त्यांना बाहेरच रोखले. तेराव्या दिवसाची ही शोकांतिका फट बुजण्याची आहे.

हे पटावर मांडायला खास नियम लागत नाही. फळी फुटल्यावर तिच्यातले लोक पुढच्या फेरीत सरकून फट बुजवू शकतात, एवढे मान्य केले की पुरे. शिरलेला वीर एकटा उरतो, त्याच्याभोवती आठ चौकटी भरतात, आणि आपण वर केलेला हिशेब लागू होतो : फेरीला सहा वार. मागचे चौघे वेळेवर शिरले असते, तर पाच जण पाठीला पाठ लावून उभे राहिले असते आणि हिशेब निराळा झाला असता. विसाचा फासा ही शक्यता दाखवत नाही. तो फक्त सांगतो, की अभिमन्यूचे नशीब फिरले नाही.

पानिपतचा नियम

आता मुलांची मूळ तक्रार. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा बेत गोलाने लढत सरकण्याचा होता : कडेला तोफा आणि लढाऊ पथके, आत बिनलढाऊ माणसे. रूढ कथनाप्रमाणे विंचुरकर, गायकवाड यांची घोडेस्वार पथके जागा सोडून पुढे गेली आणि गोल फुटला. मुलांनी हेच पाचव्या नियमात घातले. फासा पडतो, विंचुरकरांचे पथक जाते, पण पुढे काहीच होत नाही! उरलेल्यांना फळीचे अधिक दोन मिळतच राहतात, कारण तिघे लगत उभे आहेत. गोल फुटूनही फुटत नाही. 'पानिपत जमत नाही' ते यामुळे.

अधिक दोन बाजूला ठेवून चौकटी मोजू. एका बाजूला दहा माणसे असा पोकळ चौकोन घ्या. कडेला ३६ माणसे, आत ६४ मोकळ्या चौकटी, बाहेर शत्रूला उभे राहायला ४४ चौकटी. गोल शाबूत असताना माणशी सुमारे १.२ शत्रू, म्हणजे फेरीला ०.६ वार. आता एकच माणूस जागा सोडतो. त्या फटीतून शत्रू आत शिरतात आणि काही फेऱ्यांत कडेला लागून असलेल्या आतल्या २८ चौकटी व्यापतात. ४४ अधिक २८ म्हणजे ७२ शत्रू, ३५ माणसांवर. माणशी दोनांहून थोडे जास्त, तेही मागून आणि पुढून, म्हणजे जवळजवळ सर्वांना कोंडीचा लाभ. फेरीला सुमारे दीड वार. छत्तिसातला एक गेला आणि प्रत्येकावरचा धोका अडीच पट झाला. गोल हळूहळू कमजोर होत नाही, एकदम ढासळतो.

पण पाचव्या नियमावरचा आमचा खरा आक्षेप याहून गंभीर आहे. जागा सोडण्याचा फासा एकाच नावाला का? पानिपतला दोष कोणाचा, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. वहीने तो वाद फासा पडण्याआधीच मिटवून टाकला. मग खेळात विंचुरकर जागा सोडतात आणि खेळणाऱ्याला वाटते, की हे सिद्ध झाले. सिद्ध काही झालेले नाही. जे आत घातले तेच बाहेर आले.

त्याऐवजी गोलातल्या प्रत्येकाला सारखाच फासा द्या. समजा, दर फेरीला एखादा माणूस जागा सोडण्याची संभाव्यता फक्त पाच टक्के, म्हणजे विसात एक. माणूस ९५ टक्के विश्वासू आहे, त्याला कोणी भित्रा म्हणणार नाही. छत्तीसच्या छत्तीस जण जागेवर राहण्याची संभाव्यता किती? ०.९५ चा छत्तिसावा घात : सुमारे १६ टक्के. सहा फेऱ्यांपैकी पाच वेळा कोणी ना कोणी जागा सोडणारच. प्रत्येक जण ९९ टक्के विश्वासू असला, तर हीच संभाव्यता सुमारे ७० टक्के होते. ९५ आणि ९९ यांतला फरक एका माणसात डोळ्यांना दिसत नाही. छत्तीस जणांच्या गोलात तोच फरक जगणे आणि बुडणे यांतला आहे.

कवायत कशासाठी असते, हे येथे कळते. ती माणसाला शूर करत नाही, तर पंचाण्णवाचे नव्याण्णव करते. गारद्यांना ती होती. धावत्या लढाईत, हूल देऊन बाजूला होण्यात वाकबगार असलेल्या घोडेस्वारांना जागेवर उभे राहण्याची सवय नव्हती, आणि हे दोघे एकाच गोलाच्या कडा होते. विंचुरकर निर्दोष होते असे आमचे प्रतिमान सिद्ध करत नाही. ते एवढेच दाखवते, की गोल फुटायला एखादा खास अपराधी *लागत नाही*. अपराध्याचे नाव शोधण्यापूर्वी ही शक्यता तपासली पाहिजे, आणि वहीचा पाचवा नियम नेमके तेच करू देत नाही.

शिक्षकांसाठी

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. चौकटींची वही, दोन रंगांच्या गुंड्या, आणि वीस पृष्ठांचा फासा नसेल तर डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी काढावी, आकडा पाहावा, पुन्हा डब्यात टाकावी. आधी एकट्याची लढाई, मग फळीची, मग गोलाची. एका वेळी एकच नियम बदलावा, आणि डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहून ठेवावा. अंदाज चुकला, तर त्या दिवशी काहीतरी शिकायला मिळाले असे समजावे.

वहीबद्दल आमचा निर्णय असा : दुसरा व तिसरा नियम ठेवावा. पहिला कारणासह सुधारावा. चौथा, पाचवा आणि शेवटच्या पानावरचा अधिक तीन काढून टाकावा. मुलांनी यातले बहुतेक मान्य केले. अधिक तीनवर मात्र उदगीरच्या दोघांनी बराच वेळ घेतला. शेवटी त्यांतल्या एकाने लाल शाईने ती ओळ खोडली आणि बाजूला लिहिले : 'कारण सापडल्यास परत घालणे.' संबंध वहीत आम्हांला हेच वाक्य सर्वांत जास्त आवडले.